रंगीत प्रिंटरला किमान काय यायला हवं?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर थोडा वेळ उभं राहा. एक जण शेताचा पहाणी उतारा काढायला आलेला असतो, तो सगळा कन्नडमध्ये. त्याच्यामागे गणेश मंडळाची पोरं मराठी पत्रिका घेऊन, भगव्या किनारीसकट. कॉलेजची मुलगी हॉलतिकीट घेऊन येते, त्यावर तिचा फोटो, सही आणि क्यूआर कोड. आणि ‘मामा, फोटोचं पान तेवढं कलर, बाकी सगळं ब्लॅक’ असं सांगणारा एक जण असतोच. चौघांचे फोन चार कंपन्यांचे, दुकानातला प्रिंटर पाचव्याच कंपनीचा. यातला एकही फोन त्या प्रिंटरला आधी कधी भेटलेला नाही. तरी वायफायला जोडलं की बहुतेक वेळा पान निघतं.

यामागे एक ठरलेली किमान यादी आहे. प्रिंटरने ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ या छपाईच्या मानकाचं नाव लावायचं असेल तर एवढं त्याला यायलाच हवं, असं सांगणारी. तिच्यात रंग आणि चित्र यांच्याबद्दल काय लिहिलं आहे आणि तेवढंच का लिहिलं आहे, ते इथे बघू. विषय वरून रुक्ष वाटतो खरा, पण एकाच दुकानात दोन लिप्यांचे कागद छापणाऱ्या आपल्या भागाला तो इतरांपेक्षा जरा जास्तच लागू पडतो.

पूर्वी नवा प्रिंटर घेतला की खोक्यात सीडी यायची. तिच्यात ड्रायव्हर. कॉम्प्युटरने पान तयार करायचं आणि ड्रायव्हरने ते त्या मॉडेलच्या बोलीत प्रिंटरला सांगायचं, अशी कामाची वाटणी. कंपनी बदलली की बोली बदलायची, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही जमायचं नाही. विंडोजची आवृत्ती बदलली, जुना ड्रायव्हर चालेना, कंपनीने नवा काढला नाही, की धडधाकट प्रिंटर माळ्यावर. शहापुरात, टिळकवाडीत असे किती प्रिंटर धूळ खात पडले असतील कोण जाणे. त्यात बिघाड काहीच नव्हता.

मग फोन आले आणि ही पद्धत मोडलीच. शेकडो मॉडेलांचे ड्रायव्हर फोनमध्ये भरायचे कुणी? ॲपलने नोव्हेंबर २०१० मध्ये आयफोन-आयपॅडसाठी एअरप्रिंट आणलं, ज्यात ड्रायव्हरचा प्रश्नच ठेवला नाही. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संघटना काढली. तिचा उपयोग मुख्यतः अँड्रॉइडवाल्यांना झाला. त्याच वर्षी प्रिंटर वर्किंग ग्रुप या उद्योगगटाने ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक मंजूर केलं. तिन्हींच्या पोटात संवादाची रीत एकच, इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल म्हणजे आयपीपी, जिची पहिली आवृत्ती १९९९ मधली. मी पुढे जे सांगणार आहे ते मुख्यतः या शेवटच्या मानकाबद्दल, कारण त्याचे कागद कुणालाही फुकट वाचता येतात आणि ‘काय यायलाच हवं’ हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्या आठवडी बाजारात भाजीवाली कन्नड बोलते, गिऱ्हाईक मराठी, शेजारचा कांदेवाला हिंदी-मराठीची खिचडी करून. कुणालाच दुसऱ्याची भाषा पूर्ण येत नसते, पण दर, वजन आणि सुटे पैसे एवढ्यापुरती सगळ्यांनाच येते, आणि बाजार चालतो. प्रिंटरच्या किमान यादीचं काम तेवढंच. प्रिंटरला याहून पुष्कळ काही येत असेल, येऊ दे. पण समोरच्या फोनने काही न विचारता गृहीत धरावं असं काय, ते यादीत असतं.

अशा मानकांच्या कागदात तीन पायऱ्यांचे शब्द असतात. करायलाच हवं, करावं आणि केलं तरी चालेल. इंटरनेटच्या मानकांसाठी या शब्दांचे अर्थ १९९७ मध्ये एका कागदात नेमके लिहून ठेवले गेले आणि तेव्हापासून सगळे तेच वापरतात. एखादी गोष्ट पहिल्या पायरीवर ठेवायची की दुसऱ्या, यावर बैठकांमध्ये तासन्‌तास वाद होतात, कारण पहिल्या पायरीवरची प्रत्येक ओळ म्हणजे सगळ्यांत स्वस्त प्रिंटरच्या किमतीत थोडी भर.

रंग आणि चित्र यांच्यापुरतं पहिल्या पायरीवर काय आहे ते आधी सांगून टाकतो. एक, प्रत्येक प्रिंटरला ‘पीडब्ल्यूजी रास्टर’ नावाच्या स्वरूपातलं पान छापता यायला हवं. दोन, त्यात ८ बिटांची करडी छटा समजायला हवी. तीन, प्रिंटर रंगीत असेल तर ८-८ बिटांचे तीन रंग, एसआरजीबी पद्धतीचे, समजायला हवेत. चार, रंगीत प्रिंटरला जेपीईजी फोटो थेट घेता यायला हवा. पीडीएफ या यादीत नाही. ते दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘करावं’.

आता एकेक.

अक्षर नव्हे, चित्र

रास्टर म्हणजे पानाचं ठिपक्याठिपक्यांनी केलेलं चित्र. फोनने पान आधी स्वतःच पूर्ण रंगवायचं, अक्षरं-रेघा-फोटो सगळं मिळून, आणि प्रिंटरला फक्त ठिपक्यांच्या ओळी पाठवायच्या, वरून खाली. कुठे अक्षर आहे नि कुठे फोटो, हे प्रिंटरला कळतही नाही.

आपल्याकडे याचं मोल कळायला देवनागरीत एक ओळ टाइप करून बघा. ‘कि’ लिहिताना आधी क दाबतो, मग ऱ्हस्व वेलांटी, पण छापताना वेलांटी आधी येते. ‘वर्ग’ मधला रफार नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘त्र्यंबक’ मध्ये तर चार-पाच खुणांची एकच गाठ होते. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो. ही सगळी मांडणी करायला फाँट लागतो आणि त्याचे नियम जाणणारं सॉफ्टवेअरही लागतं. पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटरमध्ये पूर्वी ३५ फाँट घालून देत, त्यात देवनागरी नाही आणि कन्नडही नाही. रोमन लिपीवाल्यांचं पान प्रिंटरमधल्या फाँटवर निभावून जायचं. आपला फाँट सोबत पाठवावा लागायचा आणि तो वाटेत कुठे सुटला की कागदावर चौकोनांची रांग.

रास्टर किमान यादीत आल्यामुळे ही जबाबदारी प्रिंटरवरून उठली. पहाणी कन्नड आहे, पत्रिका मराठी आहे आणि प्रतिज्ञापत्र इंग्रजी आहे, याचं प्रिंटरला सोयरसुतक नाही. फोनच्या पडद्यावर जोडाक्षर बरोबर दिसलं तर कागदावर बरोबर उमटणार. ज्या लिपीचा प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने कधी विचारही केला नसेल, ती लिपी सगळ्यांत स्वस्त प्रिंटरवर छापता येते, हा मला या मानकाचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो. तो आपल्यासाठी म्हणून कुणी घातलेला नाही. तरीही.

एक मर्यादा मात्र आहे. डीटीपीवाल्याने मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केला असेल, किंवा कन्नडचा जुन्या नुडीत, आणि तो फाँट फोनमध्ये नसेल, तर पडद्यावरच रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. प्रिंटर तो कचरा इमानेइतबारे छापतो. अशा वेळी डीटीपीवाल्याकडून फाँटसकट केलेली पीडीएफ मागवायची. प्रिंटरच्या मागे लागून काही उपयोग नाही.

दोनशे छप्पन्न छटा कशाला?

काळा-पांढरा प्रिंटर म्हटलं की वाटतं, ठिपका उमटला किंवा नाही उमटला, एवढंच तर सांगायचं. त्याला १ बिट पुरे. मग मानकात ८ बिट, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा सांगण्याची सोय, ही सक्ती का?

त्यासाठी भिंग घ्या आणि लेझर प्रिंटरने छापलेल्या हॉलतिकिटावरचा फोटो बघा. गालावर करडा रंग दिसतो ना, तिथे करडं काहीच नाही. बारीक काळे ठिपके आहेत आणि मध्ये कोरा कागद. गाल उजळ असेल तिथे ठिपके लहान किंवा विरळ, केसांजवळ मोठे आणि दाट. टोनर एकच काळा असल्यामुळे छटेचा आभास ठिपक्यांच्या रचनेतूनच करावा लागतो. या रचनेला हाफटोन म्हणतात.

प्रश्न असा की हाफटोन करायचा कुणी, फोनने की प्रिंटरने? फोनने करायचा तर १ बिटात काम भागतं, निरोप छोटा होतो. पण फोनला त्या प्रिंटरची काही माहिती नसते. टोनरचा ठिपका कागदावर किती पसरतो, शाई किती शोषली जाते, ड्रम जुना झालाय का, हे प्रिंटरच्या घरचं गणित. खानापूर भागात पावसाळ्यात कागदच दमट होऊन बसतो, तेव्हा शाईच्या प्रिंटरवर ठिपका फुटतो तो वेगळाच.

त्याहून मोठी अडचण आकार बदलण्याची. समजा फोनने ठिपके पाडून पाठवले आणि प्रिंटरने कडेला मार्जिन सोडण्यासाठी पान ९७ टक्क्यांवर आणलं. पाडून ठेवलेल्या ठिपक्यांतले काही गाळले जाणार, काही एकमेकांत घुसणार, आणि ते ठरावीक अंतराने होत राहणार. परिणामी चेहऱ्यावर जाळीसारखे आडवे-उभे पट्टे. असे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि दुकानदाराला ‘कार्ट्रिज संपलं काय?’ असं विचारलंही असेल. बऱ्याचदा कार्ट्रिज ठीक असतं. ८ बिटांत छटा आली असती तर प्रिंटरने आधी आकार बदलला असता आणि ठिपके मग पाडले असते.

म्हणून मानकाची वाटणी अशी की फोनने छटा सांगायची आणि ठिपके प्रिंटरने पाडायचे. माझ्या मते सगळ्या यादीत कमी बोललं जाणारं पण सगळ्यांत कामाचं कलम हेच. रंगाची चर्चा सगळे करतात, पण आपल्याकडची निम्म्याहून जास्त छपाई काळीच असते.

२५६ छटा मागितल्या म्हणजे कागदावर २५६ स्पष्ट वेगळ्या दिसतील असं मात्र नाही. ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांच्या, प्रिंटरवर इतक्या छटा खरोखर दाखवायच्या तर १६ बाय १६ ठिपक्यांचा एक चौकोन धरावा लागतो, आणि मग इंचाला जेमतेम ३७ चौकोन बसतात. नाक-डोळे भरड दिसू लागतात. त्यामुळे प्रिंटर छटा आणि बारकावा यांत तडजोड करतो, प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने. मानक त्यात पडत नाही.

भगवा असो की लाल-पिवळा

रंगासाठी मानकाने एसआरजीबी निवडलं. ही पद्धत १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. ‘लाल २५५’ म्हणजे नेमका कोणता लाल, हे त्यात पक्कं ठरलेलं आहे. ते ठरलेलं नसेल तर तीन आकड्यांना काही अर्थ नाही, कारण प्रत्येक पडद्याचा लाल वेगळा.

इथे एखादा प्रेसवाला विचारेल, प्रिंटरमध्ये शाई तर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी असते, मग थेट त्याच चार रंगांत का नाही पाठवायचं? ऑफसेटवर आपण तसंच करतो की. बरोबर आहे. पण ऑफसेटवाल्याला आपलं मशीन, आपली शाई आणि आपला कागद माहीत असतो. अनोळखी प्रिंटरला ‘गुलाबी ६० टक्के’ सांगून काय होणार? एका कंपनीची गुलाबी दुसरीशी जुळत नाही. एसआरजीबीत ‘मला असा रंग दिसायला हवा’ एवढंच सांगितलं जातं. तो कोणत्या शाया किती ओतून मिळवायचा, हे प्रिंटर बघतो. चार रंगांचं रास्टर, ॲडोबी आरजीबी, १६ बिटांचे रंग या सोयी मानकात आहेत, पण ज्याला परवडेल त्याने द्याव्यात.

आता खरी तक्रार. पोरं म्हणतात, ‘फोनवर भगवा कसा झळझळीत दिसत होता, कागदावर विटकरी आला.’ कन्नड राज्योत्सवाचं कार्ड छापणारे लाल-पिवळ्याबद्दल तेच म्हणतात, एवढ्या बाबतीत तरी दोघांचं एकमत. यात मानक मोडलेलं नाही. पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि कागद पडलेल्या प्रकाशातला काही भाग परतवतो. काही चमकदार रंग, विशेषतः पडद्यावरचा कडक हिरवा, निळा आणि ठसठशीत नारिंगी, चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. प्रिंटर जवळात जवळचा रंग निवडतो. साध्या कागदावर तो आणखी उतरतो, कोटेड कागदावर बराच सुधारतो. किमान यादी एवढंच सांगते की प्रिंटरने आकड्यांचा अर्थ बरोबर लावावा. तो भगवा त्याच्या शाईत बसेल याची हमी तिच्यात नाही. मंडळाने पाचशे पत्रिकांची ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक काढून बघावी, हे सांगायला मानकही लागत नाही.

‘फोटोचं पान तेवढं कलर’ यालाही मानकात जागा आहे. फोन प्रिंटरला आधी विचारतो, तुला काय काय येतं? प्रिंटर यादी पाठवतो: रंग येतो की नाही, कोणते कागद, किती डीपीआय, कोणती स्वरूपं. त्यातच रंगाचे पर्याय असतात. आपोआप, रंगीत, एकरंगी. एकरंगीचाही एक उपप्रकार आहे, ज्यात काळा रंग इतर शाया मिसळून बनवला जातो. म्हणजे गिऱ्हाइकाने ब्लॅक सांगितलं, पैसे ब्लॅकचे दिले आणि दुकानदाराची रंगीत शाई संपली. दुकानदारांची ही जुनी कुरकुर आहे आणि ती खोटी नाही. प्रिंटरने हे दोन पर्याय वेगवेगळे दाखवले तर ती मिटते, पण सगळे दाखवत नाहीत.

एक पान, २६ एमबी

रास्टर एवढं गुणी आहे तर जेपीईजीची सक्ती वेगळी कशाला? गणित करून बघू.

ए-फोर पान ३०० डीपीआयला म्हणजे आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके. गुणाकार करा, सुमारे ८७ लाख. काळ्या-पांढऱ्यात प्रत्येकी एक बाइट, म्हणजे ८.७ एमबी. रंगीत असेल तर तिप्पट, २६ एमबी. तेच ६०० डीपीआयला चौपट होऊन १०४ एमबी. स्वस्त प्रिंटरमध्ये एवढी मेमरी ठेवायचीच नसते, म्हणून रास्टर असं रचलंय की ओळी येत जातील तशा छापत जायच्या, पूर्ण पान साठवून ठेवण्याची गरज नाही.

शिवाय त्यात एक साधी आवळण्याची युक्ती आहे. पुढच्या ओळी हुबेहूब आताच्या ओळीसारख्या असतील तर एका बाइटमध्ये ‘ही ओळ २५६ वेळा’ असं सांगता येतं. ओळीच्या आत सलग एकाच रंगाचे ठिपके असतील तर ‘हा रंग १२८ वेळा’. पूर्ण कोरं रंगीत पान घ्या. एका ओळीसाठी असे २० तुकडे, प्रत्येकी ४ बाइट, वर ओळ मोजायचा एक, मिळून ८१ बाइट. ३,५०८ ओळींना असे १४ गठ्ठे. चौदा गुणिले एक्याऐंशी, १,१३४ बाइट. सव्वीस एमबीचं पान एक केबीच्या जरा वर. पहाणी उताऱ्यासारख्या कागदावर बहुतांश जागा पांढरीच असते, त्यामुळे तोही झटकन जातो.

फोटोत मात्र ही युक्ती कोलमडते. गोकाकच्या धबधब्याच्या फोटोत शेजारशेजारचे दोन ठिपके नेमक्या एकाच रंगाचे क्वचितच असतात. सव्वीसचे सव्वीस एमबी तसेच पाठवावे लागतात, उलट हिशेबाचे बाइट वर चढतात ते निराळेच. दुकानातलं वायफाय सेकंदाला खरोखर २० मेगाबिट देत असेल तर नुसतं पोचायलाच दहा सेकंद, आणि ६०० डीपीआयला चाळीसच्या वर. इथे जेपीईजी लागतो. १९९२ पासूनचं हे मानक डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळून तोच फोटो दोन-तीन एमबीत बसवतं. म्हणून रंगीत प्रिंटरला तो थेट घेता यायलाच हवा अशी अट घातली.

अट साध्या जेपीईजीची आहे. चार रंगांचा जेपीईजी, हळूहळू उमलत जाणारा जेपीईजी हे प्रकार ऐच्छिक, प्रिंटर घेत असेल तर आधी तसं सांगतो. लग्नपत्रिका करणाऱ्या आर्टिस्टने प्रेससाठी केलेली चार रंगांची फाइल कुणी तशीच प्रिंटरला दिली आणि पान निघालं नाही किंवा रंग उलटेपालटे आले, तर कारण बहुधा हे असतं. आरजीबीत करून मागायची. आयफोन २०१७ पासून फोटो वेगळ्याच स्वरूपात साठवतो, तेही यादीत नाही. फोन स्वतः बदलून पाठवतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. किमान यादी वर्षानुवर्षं जागची हलत नाही याचा हा फायदा. नवी सोय आली की तिचं ओझं फोनवर पडतं, सात वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रिंटरवर नाही.

अक्षरांच्या कागदाला मात्र जेपीईजी वाईट. तो चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि काळ्या-पांढऱ्याच्या कडक कडेला धुरकट करतो. फोटोत ते दिसत नाही, पण क्यूआर कोडमध्ये आणि कन्नडच्या बारीक वळणांत दिसतं. व्हॉट्सॲपवर आधार कार्ड ‘फोटो’ म्हणून पाठवलं की ते आणखी एकदा आवळलं जातं आणि वर दाट क्यूआर. मशीनने तो वाचला नाही तर नवल नको. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, फाइल जशीच्या तशी येते.

रेघ कुठे मारायची

पीडीएफची सक्ती का नाही, हा प्रश्न रास्त आहे, कारण दुकानात येणारी बहुतेक कागदपत्रं पीडीएफच असतात. पण पीडीएफ उलगडायला प्रिंटरमध्ये बऱ्यापैकी प्रोसेसर आणि मेमरी लागते. फाँट, पारदर्शक थर, आतली चित्रं, सगळं त्यालाच सांभाळावं लागतं. सक्ती केली असती तर तळातले स्वस्त प्रिंटर मानकाबाहेर राहिले असते आणि पुन्हा आपापल्या बोलीत बोलत बसले असते. आता ते पीडीएफ फोनकडून रास्टर करून घेतात. मला हा निर्णय पटतो.

जेपीईजीची सक्ती फक्त रंगीत प्रिंटरवर, हे तेवढं पटत नाही. आपल्याकडच्या दुकानांचा मुख्य घोडा काळा लेझर असतो आणि त्यावरही फोटो छापायला येतातच. फोन जेपीईजीचं रास्टर करून देतो, त्यामुळे काम अडत नाही, हे खरं. पण जुना, मंद फोन असला की ते करण्यात त्याला धाप लागते आणि मागे रांग वाढते. तिथेही ‘यायलाच हवं’ असायला हरकत नव्हती.

दुसरी कुरकुर तपासणीबद्दल. आयपीपी एव्हरीव्हेअरचं प्रमाणपत्र कंपनी स्वतःच चाचणी घेऊन मिळवते. चाचणीची साधनं गटाने दिलेली असतात आणि निकाल जाहीर यादीत लागतो, त्यामुळे थापा मारणं सोपं नाही. पण पान निघालं की नाही हे यंत्राला तपासता येतं, फोटो बरा दिसतो का हे शेवटी माणसालाच बघावं लागतं.

नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाचं चिन्ह बघा, ते असेल तर वर सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं त्याला येतं असं धरायला हरकत नाही. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबेल आणि विंडोजमध्येच असलेला आयपीपीचा ड्रायव्हर पुढे राहील. म्हणजे ज्याला हे मानक येत नाही असा प्रिंटर आज स्वस्तात मिळाला तरी पुढे जड जाणार. जुना पण धडधाकट प्रिंटर घरात असेल तर एखाद्या छोट्या लिनक्स मशीनवर कप्स हे फुकट सॉफ्टवेअर घालून तो नेटवर्कवर मांडता येतो, मग फोनला तो नव्यासारखाच दिसतो. थोडी खटपट आहे, पण उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या पोरांच्या गावात तिचं भय वाटू नये.

आणि विकत घेण्याआधी दुकानातच परीक्षा घ्या. घरून फोनमध्ये एक पान करून न्या: एक ओळ मराठी आणि एक कन्नड, दोन्हींत भरपूर जोडाक्षरं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत विरत जाणारी एक पट्टी. एक चेहरा, एक क्यूआर कोड आणि नेमकी १० सेंटिमीटरची एक रेघ. कंपनीचं ॲप न टाकता थेट फोनमधून छापायला सांगा, एकदा रंगीत, एकदा एकरंगी. जोडाक्षरं फुटली नाहीत ना, पट्टीत पायऱ्या किंवा जाळी दिसते का, दुसऱ्या फोनने क्यूआर वाचला जातो का, हे बघा. मग पट्टी लावून रेघ मोजा. साडेनऊ भरली तर प्रिंटर पान दाबून बसवतोय. फोनच्या छपाईच्या पर्यायांत ‘फिट’ असेल ते काढून मूळ आकार निवडा आणि पुन्हा छापा. तरी साडेनऊच आली तर त्या प्रिंटरवर पासपोर्ट फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.